नव्या गाड्यांच्या यार्डातल्या चाव्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अकरा वर्षं सांगलीत नव्या गाड्यांच्या यार्डांवर चाव्या सांभाळतोय. आमच्या यार्डात दोनशेच्या आसपास गाड्या असतात, म्हणजे चारशे चाव्या. सांगली, मिरज, विटा, कराड, सातारा इथल्या यार्डांवर नव्याने लागलेली मुलं, शोरूमचे मॅनेजर, वॉचमन मामा आणि गाडी घ्यायला आलेली मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर.

१. यार्डाला कुंपण आहे, वॉचमन आहे. मग चावी गाडीतच ठेवली तर काय बिघडतं?

बरंच बिघडतं. चावी गाडीत असली की गाडी कोणीही हलवू शकतो, आणि कोणी हलवली ते कळत नाही. टायरवर किंवा पेट्रोलच्या झाकणात चावी ठेवायची सवय तर त्याहून वाईट. ती जागा पंधरा दिवसांत अख्ख्या यार्डाला माहीत होते, तिथून चहाच्या टपरीवर पोहोचते. बटण स्टार्टच्या गाडीत चावी राहिली तर गाडीची बॅटरीही उतरू शकते (प्रश्न ८). शिवाय उद्या गाडी चोरीला गेलीच, तर विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते. चावी गाडीत होती असं सांगायची वेळ येऊ नये.

२. चावीच्या टॅगवर काय लिहायचं?

चॅसी नंबरचे शेवटचे सहा आकडे मोठ्या अक्षरात. त्याखाली मॉडेल, व्हेरियंट आणि रंग, छोट्या अक्षरात. बास.

चॅसी नंबर सतरा अक्षरा-आकड्यांचा असतो. तो पूर्ण लिहिला तर घाईत कोणी वाचत नाही. बरेच जण शेवटचे चारच लिहितात, आणि तिथे फसतात. दोनशे गाड्या असतील आणि आकडे विखुरलेले धरले, तर कुठल्या तरी दोन गाड्यांचे शेवटचे चार आकडे सारखे निघण्याची शक्यता ऐंशी टक्क्यांहून जास्त असते. सहा आकडे घेतले की ती दोन टक्क्यांवर येते. मला हे हिशेबाने नंतर कळलं. आधी कळलं ते ०४१७ नावाच्या दोन गाड्या एकाच सकाळी मागितल्या गेल्या तेव्हा.

टॅगवर शोरूमचं नाव-पत्ता नको. चावी रस्त्यात पडली तर सापडणाऱ्याला गाडी कुठे उभी आहे ते सांगायचं कारण नाही. एक फोन नंबर पुरे. रांगेचा नंबरही नको, कारण गाडी जागा बदलते आणि टॅग तसाच राहतो. कागदी टॅग वापरू नका. प्लास्टिकचा टॅग आणि न पुसणारं मार्कर वापरा. का, ते प्रश्न १४ मध्ये आहे.

३. कपाटात चाव्या कशा लावायच्या? मॉडेलप्रमाणे की रंगाप्रमाणे?

दोन्ही नको. मॉडेलप्रमाणे लावलं की जे मॉडेल जोरात खपतं त्याच्या खणात साठ चाव्यांचा गुच्छ होतो आणि शेजारचा खण रिकामा. रंगाचं तर विचारूच नका, आपल्याकडे निम्मं यार्ड पांढरं असतं.

मी शेवटच्या दोन आकड्यांनी लावतो. कपाटात ०० ते ९९ असे शंभर हुक. चॅसी ...३१८२४६ असेल तर चावी ४६ च्या हुकावर. एका ट्रेलरमधून आलेल्या गाड्यांचे पुढचे आकडे बहुधा सारखेच असतात, पण शेवटचे दोन चांगले पांगतात. दोनशे गाड्यांत एका हुकावर सरासरी दोन चाव्या येतात. दोनांतून एक ओळखायला वेळ लागत नाही. कालच लागलेल्या मुलालाही हे पाच मिनिटांत समजतं, आणि गाडी कुठल्याही रांगेत गेली तरी चावीची जागा बदलत नाही.

गाडी कुठे उभी आहे ही वेगळी नोंद. ती भिंतीवरच्या नकाशावर किंवा कॉम्प्युटरमध्ये असावी. चावी आणि जागा या दोन गोष्टी एकमेकींत गुंतवल्या की दोन्ही हरवतात.

४. दुसरी चावी कुठे ठेवायची?

दुसऱ्या इमारतीत. आमच्याकडे पहिल्या चाव्या यार्डाच्या केबिनमध्ये आणि दुसऱ्या शोरूमच्या वरच्या मजल्यावर असतात, पारदर्शक पाकिटात सील करून. पाकिटावर तेच सहा आकडे. चावीचा कोड असलेली छोटी पट्टी या पाकिटात ठेवू नका, ती कागदपत्रांच्या फाइलमध्ये जाते. त्या कोडवरून नवी चावी कापता येते, म्हणून तीही एक चावीच आहे असं समजून जपा.

दुसऱ्या चावीचं सील कामाच्या घाईत फोडायचं नाही. ते फुटलं की त्या दिवशी कोणीतरी सही करून कारण लिहिलं पाहिजे.

५. ट्रेलर रात्री अकराला आला. ड्रायव्हर घाई करतो. चाव्या मोजून घेतल्या तर चालतं ना?

मोजून घेणं म्हणजे घेणं नव्हे. ट्रेलरवर सात-आठ गाड्या असतात. चाकणहून आलेला ड्रायव्हर खंबाटकी उतरून आलेला असतो, श्रीपेरुंबुदूरहून आलेला तर बेंगळुरू, कोल्हापूर करत दोन राज्यं ओलांडून आलेला. त्यालाही झोप हवी असते आणि आपल्यालाही. पण याच वेळी झालेली चूक महिन्याने, ग्राहकासमोर बाहेर येते.

प्रत्येक गाडीच्या दोन्ही चाव्यांनी दार उघडून बघा आणि दोन्हींनी इंजिन सुरू करून बघा. चॅसी नंबर गाडीवरून वाचा, चलनावरून (ड्रायव्हरने आणलेल्या मालाच्या कागदावरून) नाही. टॅग तिथेच, त्याच मिनिटाला लावा. खिशात आठ चाव्या घेऊन केबिनमध्ये गेलात आणि तिथे आठवून टॅग लावले, तर प्रश्न १० तुमच्यासाठीच आहे. एका गाडीला चार मिनिटं लागतात. अर्ध्या तासात ट्रेलर मोकळा होतो. त्या अर्ध्या तासात ड्रायव्हरला चहा द्या, तो थांबतो.

६. रजिस्टर कोणी लिहीतच नाही. चावी कोणाकडे आहे ते कसं कळणार?

रजिस्टर हवंच, पण एकट्या रजिस्टरवर विसंबू नका. हातात पाण्याचा पाइप असलेला वॉशिंगवाला पेन धरणार नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही.

आम्ही प्रत्येकाला त्याच्या नावाच्या तीन पत्र्याच्या चकत्या दिल्या आहेत. चावी घ्यायची तर त्या हुकावर आपली चकती अडकवायची. चावी परत लावली की चकती खिशात. यातून दोन गोष्टी साधतात. हुकाकडे बघितलं की चावी कोणाकडे आहे ते दिसतं. आणि तिन्ही चकत्या लागल्या की चौथी चावी मिळत नाही, त्यामुळे कोणाच्या खिशात सहा चाव्या साठत नाहीत. एकाची चकती दुसऱ्याने वापरली तर मी त्या दोघांनाही बोलावतो.

संध्याकाळी गेट बंद करायच्या आधी ताळा घ्यायचा. उभ्या गाड्या किती, हुकावरच्या चाव्या किती, चकत्या किती. गाड्या २०३ आणि चाव्या-चकत्या मिळून २०२ झाल्या तर कोणी घरी जात नाही. सकाळी शोधू म्हटलेली चावी सापडायला मग आठवडा लागतो. माणसं रात्रीत विसरतात.

७. बोटाच्या ठशाने उघडणारं इलेक्ट्रॉनिक कपाट घ्यावं का?

पैसे असतील तर जरूर घ्या. कोणी, कधी, कुठली चावी घेतली ते ते आपोआप लिहून ठेवतं. पण आधी सहा महिने हुक आणि चकत्यांवर शिस्त बसू द्या. आणि घेताना दोन गोष्टी विचारा: लाइट गेल्यावर ते किती वेळ चालतं, आणि पूर्ण बंद पडलं तर हाताने कसं उघडतं. दुसऱ्याचं उत्तर नीट मिळालं नाही तर घेऊ नका.

८. बटण स्टार्टच्या चाव्या वेगळ्या सांभाळाव्या लागतात का?

हो. साध्या चिपच्या चावीत बॅटरीची गरज फक्त रिमोटपुरती असते. इंजिन सुरू करायची परवानगी देणारी चिप इग्निशनभोवतीच्या कॉइलकडून वीज घेते. बटण स्टार्टच्या गाडीच्या स्मार्ट चावीचं तसं नाही. गाडी सुमारे १२५ किलोहर्ट्झवर हाक मारते आणि चावी वेगळ्या लहरीवर ओ देते. हे फक्त मीटर-दीड मीटरच्या टप्प्यात होतं, पण त्या टप्प्यात चावी पडून राहिली तर हाका आणि ओ चालूच राहू शकतात. चावीचा सेल आणि गाडीची बॅटरी दोन्ही खर्च होतात. म्हणून चावीचं कपाट आणि जवळची गाडी यांत किमान पाच-सहा मीटर अंतर ठेवा. केबिनच्या भिंतीला टेकून गाडी लावू नका.

चोरीचा एक प्रकारही ध्यानात ठेवा. चावी खिडकीजवळ असेल तर तिचा सिग्नल उपकरणाने लांबवर पोहोचवून गाडी उघडता येते. पत्र्याच्या बंद कपाटात ठेवलं तर हा धोका बराच कमी होतो.

९. रिमोट दाबला, गाडी काहीच करत नाही. चावी चुकली की सेल गेला?

दोन्ही नसेल. यार्डातल्या गाडीत तिसरं कारण सर्रास असतं. प्रवासात बॅटरी उतरू नये म्हणून बऱ्याच कंपन्या एक फ्यूज काढून किंवा गाडी वाहतूक मोडवर टाकून पाठवतात. तो फ्यूज बसेपर्यंत काही मॉडेलांत रिमोट चालत नाही, इंडिकेटर लुकलुकत नाहीत. त्यामुळे रिमोट दाबून गाडी शोधायची सवय यार्डात उपयोगाची नाही.

क्रम असा ठेवा. आधी टॅग आणि काचेखालचा चॅसी नंबर जुळवा. मग स्मार्ट चावीच्या पोटात दडलेली धातूची पात काढून ड्रायव्हरचं दार उघडा. आत दिवा लागतो का ते बघा. गाडीला करंट आहे पण चावी ओळखत नसेल, तर चावीच स्टार्ट बटणाला टेकवून दाबा. सेल गेला असला तरी बऱ्याच मॉडेलांत अशी गाडी सुरू होते. काहींना चावी ठेवायची वेगळी जागा असते, ती मॅन्युअलमध्ये दाखवलेली असते. सेल बहुधा सीआर २०३२ असतो. असे वीस सेल केबिनमध्ये असू द्या.

१०. एकाच मॉडेलच्या, एकाच रंगाच्या दोन गाड्यांच्या चाव्या अदलाबदल झाल्या. कसं ओळखायचं?

चिपमुळे चुकीच्या चावीने गाडी सुरू होत नाही, त्यामुळे दोघींतलीच अदलाबदल असेल तर लगेच कळते. त्रास तिघी-चौघींची साखळी झाली की होतो. अशा वेळी सगळ्यांनी मिळून चाव्या लावून बघत फिरायचं नाही. एक माणूस, एक गाडी. त्या गाडीला संशयित चाव्या एकेक करून लावा. जुळली की जुना टॅग कापून नवा लावा आणि मगच पुढच्या गाडीकडे जा.

आणखी एक गोष्ट. दोन चिपच्या चाव्या एकाच कडीत असतील तर बरोबर चावीनेही गाडी कधी कधी सुरू होत नाही, कारण दोन्ही चिप एकदम बोलतात. चावी एकटी करून बघा.

सर्वांत वाईट अदलाबदल म्हणजे पहिली चावी बरोबर आणि दुसरी भलत्या गाडीची. ती ग्राहकाच्या घरी, वर्षाने कळते. प्रश्न ५ मधला अर्धा तास त्यासाठीच आहे.

११. चावी हरवलीच. आता काय?

पहिल्या तासात शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत: शेवटच्या माणसाचा खिसा आणि घरी गेलेली पँट, वॉशिंगची जागा, पीडीआयचं (डिलिव्हरीआधीच्या तपासणीचं) टेबल, गाडीची डिकी, सीटच्या फटीत. चकती कोणाची होती ते बघून त्याला फोन करा, पण ओरडू नका. ओरडलात की पुढच्या वेळी माणूस हरवलेली चावी लपवतो, आणि मग ती कधीच सापडत नाही.

नाहीच सापडली तर मॅनेजरला लेखी कळवा, पोलिसांत गहाळ झाल्याची नोंद करा आणि कंपनीकडून नवी चावी मागवा. नवी चावी जोडताना हरवलेली चावी गाडीच्या मेमरीतून काढायला सांगा. हे विसरलं जातं. मेमरीतून काढली तरी तिच्या धातूच्या पातीने दार उघडतंच, म्हणून कुलपाचा संच बदलायचा का हा निर्णय मालकाने घ्यावा. ग्राहकाला एकच चावी देऊन 'दुसरी नंतर देतो' म्हणणं मला मान्य नाही. गाडी दुसरी द्या, नाहीतर तारीख पुढे घ्या.

१२. डिलिव्हरी घेताना ग्राहकाने चाव्यांबाबत काय बघावं?

दोन्ही चाव्या हातात घ्या. दोन्हींनी दार उघडा-लावा, दोन्हींनी गाडी सुरू करा. कोडची पट्टी मागून घ्या आणि घरी चावीपासून वेगळी ठेवा. स्मार्ट चावी असेल तर आतली पात कशी निघते ते तिथेच करून बघा. पुठ्ठ्याच्या मोठ्या चावीसोबत फोटो, पेढे, चाकाखालचं लिंबू हे सगळं आनंदाने करा, पण आधी हे दोन मिनिटांचं काम.

कार्डाने किंवा मोबाइलने उघडणारी गाडी असेल तर ती जोडणी तुमच्यासमोर, तुमच्या फोनवर झाली पाहिजे. डेमो गाडी विकत घेत असाल तर आधी जोडलेले सगळे फोन काढल्याची खात्री करा. ही चावी हुकावर दिसत नाही, म्हणून विसरली जाते.

१३. दसऱ्याला एका दिवसात चाळीस डिलिव्हऱ्या असतात. गोंधळ कसा टाळायचा?

पितृपक्षात ग्राहक गाडी नेत नाहीत, ट्रेलर मात्र येतच राहतात. त्या पंधरवड्यात यार्ड तुडुंब होतं, आणि तयारीलाही तोच वेळ मिळतो. ठरलेल्या प्रत्येक गाडीची पहिली चावी, सील केलेली दुसरी चावी आणि कोडची पट्टी अष्टमीपर्यंत एका थैलीत आणा आणि थैलीवर ग्राहकाच्या मुहूर्ताची वेळ लिहा. दसऱ्याच्या सकाळी थैल्या वेळेच्या क्रमाने लावलेल्या असाव्यात, चॅसीच्या नाही. त्या दिवशी मुख्य कपाटातून एकही चावी काढायला लागू नये. गुढीपाडव्यालाही हेच.

१४. पुराच्या रात्री सगळ्या गाड्या हलवायच्या झाल्या तर?

हा प्रश्न दर जुलैला येतो, आणि वरची सगळी मांडणी मी खरं तर या रात्रीसाठीच करतो. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. जुलै २०२१ मध्ये ते पुन्हा शहरात शिरलं. कोयनेचं पाणी कराडला कृष्णेत मिळून मग खाली येतं, त्यामुळे आपल्या हातात काही तास असतात.

ते तास कुठे जातात ते बघा. एक चावी शोधायला तीन मिनिटं लागली, तर दोनशे चाव्यांना सहाशे मिनिटं, म्हणजे दहा तास. अर्ध्या मिनिटात मिळाली तर शंभर मिनिटं.

२०१९ ला मी ज्या यार्डात होतो तिथे चाव्या फळीवर मॉडेलप्रमाणे होत्या आणि टॅग कागदाचे, बॉलपेनने लिहिलेले. लाइट गेलेली. मी दातांत टॉर्च धरून टॅग वाचत होतो. ओल्या हातांनी धरलेल्या टॅगवरची शाई पसरून निळा डाग झाला होता. एकाच मॉडेलच्या तीसेक पांढऱ्या गाड्या पावसात उभ्या, आणि आम्ही चौघं रांगेतून रिमोट दाबत पळत होतो, कुठली लुकलुकते ते बघायला. निम्म्यांचे फ्यूज काढलेले होते. त्या लुकलुकणारच नव्हत्या, हे त्या क्षणी कोणाच्या डोक्यात आलं नाही. नऊ गाड्या राहिल्या. पाणी त्यांच्या बॉनेटवर चढताना मी वरच्या मजल्याच्या खिडकीतून बघितलं. त्यांच्या नऊही चाव्या माझ्या खिशात होत्या, फक्त कुठली कोणाची ते मला माहीत नव्हतं.

आता आमच्याकडे असं असतं. मे अखेर सगळ्या गाड्यांचे फ्यूज बसवायचे आणि आठवड्यातून एकदा प्रत्येक गाडी सुरू करायची. प्रत्येकीत विश्रामबाग ओलांडून मिरजेकडच्या उंच जागेवर पोहोचेल इतकं पेट्रोल असतंच. सर्वांत सखल रांग आधी निघते, तिची यादी छापून कपाटाच्या दारावर चिकटवलेली असते. पाणी ३५ फुटांवर गेलं की त्या रांगेच्या चाव्या वेगळ्या पेटीत येतात. चाव्या देणारा माणूस टेबल सोडत नाही, कितीही घाई झाली तरी. उंचावरच्या जागेवर दुसरा माणूस दुसरं टेबल घेऊन बसतो. तिथे गाडी लावली की चावी त्याच्याकडे. नाहीतर गाड्या वाचतात आणि चाव्या ड्रायव्हरांच्या खिशातून गावभर जातात. ड्रायव्हरांना परत आणायला एक गाडी फक्त त्याच कामाला. जूनच्या पहिल्या रविवारी वीस गाड्यांची रंगीत तालीम घेतो, घड्याळ लावून.

१५. नंबर नसलेल्या गाड्या रस्त्यावरून अशा नेता येतात का?

डीलरकडे आरटीओचं ट्रेड सर्टिफिकेट असतं, त्याच्या नियमांत बसूनच नोंदणी न झालेली गाडी रस्त्यावर आणता येते. त्याच्या प्रती आणि विम्याची प्रत चाव्यांच्या पेटीतच ठेवा. विम्यात यार्डाबाहेरची जागा धरली आहे का ते मे महिन्यातच एजंटला विचारा.

१६. पुरात भिजलेल्या चाव्या टाकून द्यायच्या का?

लगेच नको. चावी उघडून आधी सेल काढा, स्वच्छ पाण्याने गाळ हलक्या हाताने पुसून घ्या आणि सावलीत दोन दिवस वाळू द्या. उन्हात किंवा हीटरजवळ नको. चिप सहसा बंद कवचात असते, त्यामुळे रिमोट मेला तरी इंजिन सुरू होऊ शकतं. नवा सेल घालून दोन्ही कामं वेगवेगळी तपासा आणि टॅगवर 'भिजलेली' असं लिहून ठेवा. अशी चावी ग्राहकाला देऊ नका, नवी मागवा. आणि तपासून होईपर्यंत वाळत ठेवलेल्या चाव्याही शेवटच्या दोन आकड्यांच्या क्रमानेच मांडा, कागदावर आकडे लिहून, एकेक चावी आपल्या आकड्यावर.